जहाजसुरक्षेचे नियम अपघात आणि तेलगळती खरंच रोखतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या समुद्रात एखादं जहाज कलंडलं किंवा केरळच्या किनाऱ्याला कंटेनर लागले, की दोन-चार दिवस बातम्या येतात, नियमांची नावं घेतली जातात आणि विषय मागे पडतो. नियमांनी नेमकं काय साधलं आणि काय साधलं नाही, हे तपासून पाहणारं मराठीत फार कमी वाचायला मिळतं. कोकणात घरटी नसलं तरी वाडीत एक तरी माणूस बोटीवर असतो, आणि किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांचं पोट याच पाण्यावर चालतं. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची जमतील तितकी सरळ उत्तरं.

थोडक्यात सांगा, नियमांमुळे अपघात कमी झाले आहेत का?

हो, आणि कमी झालेले थोडेथोडके नाहीत. तेलवाहू जहाजांतून एका वेळी ७०० टनांपेक्षा जास्त तेल सांडल्याच्या घटना १९७०च्या दशकात वर्षाला सरासरी २४-२५ होत होत्या. २०१०च्या दशकात ही सरासरी दोनच्याही खाली आली. या काळात समुद्रमार्गे होणारी तेलाची वाहतूक वाढली, हे लक्षात घेतलं तर ही घट आणखी मोठी ठरते. जहाजं पूर्णपणे गमावण्याचं प्रमाणही असंच उतरलं. विमा कंपन्यांच्या नोंदींनुसार १९९०च्या दशकात वर्षाला दोनशेहून जास्त मोठी जहाजं कायमची जात. २०२४ मध्ये २७ गेली.

"नियम म्हणजे नुसता कागद" असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे आधी पाहावेत. नियमांवरची माझी टीका पुढे येईलच, पण ती हे मान्य करून.

पण याचं श्रेय नियमांना द्यायचं की जीपीएस आणि रडारला?

दोन्हींना, आणि दोन्ही वेगळे काढणं अवघड आहे. प्रत्येक जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी एआयएस यंत्रणा २००४ च्या अखेरपर्यंत मोठ्या जहाजांवर सक्तीची झाली. तंत्रज्ञान आधीपासून होतं, पण सगळ्यांनी ते बसवलं ते नियमामुळे.

काही बाबतींत मात्र शंकेला जागा राहत नाही. पूर्वी तेलाचे टँकर रिकामे परतताना तोल राखण्यासाठी त्याच टाक्यांत समुद्राचं पाणी भरत आणि पुढच्या बंदराच्या आधी ते तेलकट पाणी समुद्रात ओतून देत. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल कराराला १९७८ मध्ये जोडलेल्या भागाने नव्या मोठ्या टँकरना या पाण्यासाठी स्वतंत्र टाक्या बंधनकारक केल्या. समुद्राचं पाणी तेलाच्या टाकीत भरायचंच नाही म्हटल्यावर ओतायला तेलकट पाणी उरलंच नाही. दुहेरी कवचाचंही तसंच. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ खडकावर चढून सुमारे ३७,००० टन तेल सांडलं. त्यानंतर अमेरिकेने १९९० मध्ये कायदा केला आणि १९९३ च्या जुलैनंतर मागणी नोंदवलेल्या टँकरना जगभर दुहेरी पोलादी कवच लागू झालं. हलक्या धडकेत बाहेरचा पत्रा फाटतो, पण आतली टाकी शाबूत राहते.

माझं निरीक्षण असं, की जो नियम पोलादात बांधला जातो तो चांगला चालतो. जो नियम माणसाच्या सहीवर चालतो तो त्या माणसाच्या परिस्थितीइतकाच चालतो. पुढची बरीच उत्तरं या फरकाभोवती आहेत.

हे नियम येतात कुठून?

बहुतेक वेळा अपघातातून. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं आणि १९१४ मध्ये समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा सोलास करार झाला. १९६७ मध्ये इंग्लंडजवळ टोरी कॅन्यन हा टँकर फुटला, त्यातून १९७३ चा मार्पोल. १९८७ मध्ये बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर एक फेरी पुढचा दरवाजा उघडा असताना निघाली आणि १९३ माणसं गेली. त्यातून कंपनीच्या कार्यालयालाही जबाबदार धरणारा आयएसएम कोड आला. संयुक्त राष्ट्रांची लंडनमधली सागरी संघटना, म्हणजे आयएमओ, हे करार घडवते. पाळायला लावणं मात्र ज्या त्या देशाच्या हातात असतं.

मुंबईत २०१० मध्ये काय झालं होतं? तेव्हाही हे सगळे नियम होतेच ना?

होतेच, म्हणूनच ती घटना नीट पाहायला हवी. ७ ऑगस्ट २०१० च्या सकाळी न्हावाशेव्याहून निघालेलं एमएससी चित्रा हे कंटेनर जहाज आणि मुंबई बंदरात येणारं खलिजिया-३ हे मालवाहू जहाज एकमेकांवर आदळली. मध्यसमुद्रात किंवा वादळात नव्हे, तर दोन मोठ्या बंदरांच्या सामाईक मार्गावर, दिवसाउजेडी. चित्रा एका कुशीवर कलंडलं, त्यावरचे कंटेनर रांगेने पाण्यात घसरले. जहाजावर बाराशेच्या वर कंटेनर होते, त्यांपैकी सुमारे तीनशे समुद्रात गेले, आणि काहींत कीटकनाशकं होती. सुमारे ८०० टन इंधनतेल सांडलं. सगळे खलाशी वाचले. पण तरंगत्या कंटेनरांवर दुसरी जहाजं आपटतील या भीतीने मार्ग बंद ठेवावा लागला आणि दोन्ही बंदरांचं काम काही दिवस थांबलं.

जहाजांनी एकमेकांना कसं ओलांडायचं याचे सध्याचे नियम १९७२ चे आहेत. अरुंद मार्गात आपापल्या उजव्या बाजूने जायचं, हे अगदी नवख्या कॅडेटलाही पाठ असतं. खलिजिया त्याआधी जुलैमध्येच एका दुर्घटनेत सापडून गेलेलं होतं. आधीच अडचणीत आलेलं जहाज वर्दळीच्या मार्गावर केव्हा आणि कोणत्या बंदोबस्तात आणायचं, हा निर्णय कोणत्याही आंतरराष्ट्रीय करारात तयार लिहिलेला नसतो. तो त्या दिवशी, त्या बंदरात, तिथल्या माणसांना घ्यावा लागतो.

तेल उरण, अलिबाग, घारापुरीकडच्या कांदळवनांत शिरलं. वाळूवरचं तेल खरवडून काढता येतं. कांदळवनात ते श्वास घेणाऱ्या मुळांवर बसतं, चिखलात मुरतं, आणि तिथे यंत्र नेलं तर यंत्रच जास्त नुकसान करतं. ऐन ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, मासळी घेऊ नका अशा सूचना फिरल्या. ज्यांच्या जाळ्यात तेल नव्हतं त्यांच्याही मासळीला गिऱ्हाईक राहिलं नाही. हे नुकसान टनांत मोजता येत नाही, म्हणून ते आकडेवारीत येतच नाही.

मग "तेलगळती घटली" हा आकडा आपल्याला कितपत उपयोगी?

अर्धवट. वर दिलेला आकडा फक्त तेल वाहून नेणाऱ्या टँकरांचा आहे. चित्रा कंटेनर जहाज होतं, ते त्यात धरलेलं नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या गेल्या पंधरा वर्षांतल्या गाजलेल्या घटना पाहा, त्यांत माल म्हणून तेल नेणारी मोठी जहाजं फारशी नाहीत. आहेत ती कंटेनर जहाजं, कोळशाची जहाजं, मोडीत निघालेली जहाजं.

२५ मे २०२५ रोजी कोचीजवळ एमएससी एल्सा-३ बुडालं. ६४० कंटेनर, त्यांतले १३ धोकादायक मालाचे, आणि इंधन म्हणून साडेचारशे टनांच्या आसपास डिझेल व फर्नेस ऑइल. चोवीसही जण वाचवले गेले. पण प्लास्टिकचे बारीक दाणे तिरुवनंतपुरमच्या वाळूत येऊन पडले. तेल निदान काळं दिसतं. हे दाणे वाळूसारखेच दिसतात, माशांच्या पोटात जातात आणि वेचायचे म्हटले तर चाळणी घेऊन बसावं लागतं. वर्षानुवर्षं ते भरतीबरोबर येतच राहतात.

शिवाय "सांडलेलं एकूण तेल" हा आकडा एकाच अपघाताने फिरतो. २०१०च्या संपूर्ण दशकात टँकरांतून सुमारे १,६४,००० टन तेल गेलं. त्यातलं १,१३,००० टन एकट्या सांची या टँकरचं, जो जानेवारी २०१८ मध्ये पूर्व चीन समुद्रात टक्कर होऊन पेटला. त्यावरचे ३२ जण गेले. सांचीला दुहेरी कवच होतं, पण इतक्या जोराच्या टकरीपुढे आणि आगीपुढे ते पुरलं नाही.

जहाजांची तपासणी कोण करतं?

पहिली जबाबदारी ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे त्याची. तांत्रिक तपासणी बहुधा क्लास सोसायट्या, म्हणजे जहाजांची बांधणी आणि स्थिती तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था, करतात. आणि जहाज ज्या बंदरात येतं तो देशही चढून पाहू शकतो. या शेवटच्या तपासणीला पोर्ट स्टेट कंट्रोल म्हणतात. भारतात हे काम नौवहन महासंचालनालयाकडे आहे, ज्याचं मुख्यालय मुंबईत आहे. हिंदी महासागरातल्या देशांनी तपासणीची माहिती एकमेकांना देण्यासाठी १९९८ मध्ये करार केला, त्याचं सचिवालय आपल्या गोव्यात, वास्कोला आहे.

चांगला तपासनीस कागद पाहतो, पण कागदावर थांबत नाही. आगीच्या वेळी लागणारा पंप प्रत्यक्ष चालू करायला लावतो, लाइफबोटीचं इंजिन सुरू होतं का पाहतो. इंजिन रूममध्ये तेलकट पाणी गाळणाऱ्या यंत्राजवळ बॅटरी घेऊन वाकतो आणि पाइपांच्या जोडावरचे बोल्ट बघतो. सगळीकडे जुना रंग आणि एकाच जोडाच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडलेला, तर तो जोड नुकताच उघडला गेला आहे. कशासाठी, हा पुढचा प्रश्न. गाळणी टाळून तेलकट पाणी थेट समुद्रात सोडणारा तात्पुरता पाइप तिथे बसवून, तपासणीआधी काढून ठेवलेला असू शकतो. या धंद्यात त्याला "मॅजिक पाइप" म्हणतात. नियमानुसार बाहेर सोडायच्या पाण्यात दहा लाख भागांत तेलाचे १५ भागच चालतात. २०१६ मध्ये एका नामांकित क्रूझ कंपनीला अमेरिकेत याच प्रकारासाठी चार कोटी डॉलर दंड झाला. तिथे माहिती देणाऱ्या खलाशाला न्यायालय दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम देऊ शकतं, आणि अशी बरीच प्रकरणं त्यामुळेच उघडकीला आली आहेत. आपल्याकडे खलाशाने तोंड उघडलं तर त्याला पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल का, हीच धास्ती आधी असते.

तपासणीत पास झालेलं जहाज सुरक्षित समजायचं का?

त्या दिवशी, पाहिलेल्या गोष्टींपुरतं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या पुलाला धडकलेलं डाली हे कंटेनर जहाज आठवत असेल. त्यावर बहुतेक सगळे भारतीय होते. पुलावर काम करणारे सहा मजूर मेले. अमेरिकी तपास यंत्रणेला मूळ कारण सापडलं ते एका सैल वायरचं. वायरवर चिकटवलेली नावाची पट्टी आड आल्याने ती खाचेत पूर्ण बसली नव्हती. हजारो वायरींतली एवढी एक वायर काही तासांच्या फेरीत कोणाला दिसणार? ती सापडते ती रोजच्या देखभालीत, आणि रोजची देखभाल हातात पुरेशी माणसं आणि वेळ असला तरच होते.

जहाजाचं वय हा एक खुणेचा दगड आहे, पण एकमेव नव्हे. एल्सा-३ हे १९९७ चं होतं. २०२१ मध्ये कोलंबोजवळ जळालेलं एक्स-प्रेस पर्ल मात्र कोरं करकरीत होतं, पाण्यात येऊन काही महिनेच झाले होते.

थकवा हा खरंच एवढा मोठा प्रश्न आहे का?

माझ्या मते आज सगळ्यात मोठा. नियम सांगतो, २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती. प्रत्येकाचा तक्ता भरायचा, सही करायची. स्वीडनमधल्या जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० मध्ये खलाशी आणि तपासनिसांशी बोलून अभ्यास केला, त्यात हे तक्ते "जुळवून" भरण्याची पद्धत सर्रास आढळली. बंदरात माल चढ-उतार, तपासण्या, पुरवठा, पहारा, आणि माणसं मोजकी. तास खरे लिहिले तर जहाज अडकतं, कंपनी रागावते. म्हणून खोटे लिहिले जातात, आणि खोट्या तक्त्यांवरून नियम पाळला जातोय असा निष्कर्ष निघतो.

जुलै २०२० मध्ये मॉरिशसच्या प्रवाळावर चढलेल्या वाकाशिओचं उदाहरण घ्या. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेलं गेलं, असं चौकशीत पुढे आलं. सुमारे १,००० टन तेल सांडलं. करोनाचे दिवस होते, माणसं महिनोन् महिने घरी जाऊ शकत नव्हती. कॅप्टनची चूक होती आणि त्याला शिक्षाही झाली. पण घरच्यांचा आवाज ऐकण्यासाठी दोन लाख टनांचं जहाज किनाऱ्याकडे वळवण्याची वेळ का यावी, याचं उत्तर त्या शिक्षेत नाही.

अडचणीतल्या जहाजाला बंदरात घ्यावं का?

या प्रश्नावर नियम सर्वांत दुबळे आहेत. एक्स-प्रेस पर्लवर नायट्रिक ॲसिडचा कंटेनर गळत होता. तो उतरवून घ्या म्हणून जहाजाने कतारच्या हमाद आणि आपल्या हजिरा बंदराला विचारलं. दोन्हीकडून नकार आला. जहाज पुढे गेलं आणि कोलंबोबाहेर पेटलं. सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे दाणे समुद्रात गेले, श्रीलंकेच्या मच्छीमारांचा हंगाम बुडाला. २००२ मध्ये स्पेनजवळ प्रेस्टीज या तेलवाहू जहाजालाही आसरा नाकारून दूर लोटण्यात आलं, सहा दिवसांनी ते फुटून बुडालं आणि सुमारे ६३,००० टन तेल सांडलं.

आयएमओने २००३ मध्ये आसऱ्याच्या जागांबद्दल सूत्रं ठरवली आणि २०२३ मध्ये ती सुधारली, पण ती बंधनकारक नाहीत. बंदरांची भीती मला कळते. आपल्या दारात बला कोण घेईल? पण नकार दिल्याने धोका नाहीसा होत नाही, तो शेजाऱ्याच्या दारात जातो. हजिऱ्यातून नकार गेला, हे आपण आपल्या नावावर लिहून ठेवलं पाहिजे.

जुहूला जहाजं येऊन रुतली होती, त्याचं काय?

२०११ च्या पावसाळ्यात तीन घटना लागोपाठ झाल्या. जूनमध्ये अलंगला मोडीत काढण्यासाठी ओढून नेलं जाणारं विस्डम दोर तुटून जुहूला लागलं. जुलैअखेरीस पवित हा छोटा टँकर त्याच किनाऱ्यावर आला. त्याचे खलाशी महिनाभर आधीच त्याला ओमानकडच्या समुद्रात सोडून गेले होते. २६/११ नंतर तीन वर्षंही झाली नव्हती, आणि एक बेवारस जहाज अरबी समुद्र ओलांडून कोणाच्या नजरेस न पडता मुंबईच्या वाळूत येऊन बसलं. ४ ऑगस्टला साठ हजार टनांहून जास्त कोळसा घेऊन दहेजकडे निघालेलं राक कॅरिअर मुंबईसमोर बुडालं आणि तेल किनाऱ्याला आलं.

राक प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालकाला ५ कोटी रुपये भरायला सांगितलं. मालाच्या मालकालाही जबाबदार धरलं, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं. स्वस्त भाड्यासाठी पडीक जहाज निवडणाऱ्यालाही झळ बसली पाहिजे.

तौक्ते वादळातली पी-३०५ ची दुर्घटना यात मोडते का?

तेलगळती नसली तरी मोडते. मे २०२१ मध्ये मुंबई हायजवळ पी-३०५ या बार्जवर २६१ माणसं होती. बार्जला स्वतःचं इंजिन नसतं, टग ओढेल तिकडे तो जातो. वादळाचे इशारे कित्येक दिवस आधी आले होते. नांगर तुटून बार्ज वाहत गेला आणि बुडाला. तो आणि वरप्रदा हा टग मिळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. काम सुरू ठेवायचं की थांबवायचं हे ठरवताना कंत्राटाची मुदत आणि हवामान खात्याचा इशारा समोरासमोर आले, की कोणाचा शब्द अंतिम, हे आधीच लिहिलेलं असायला हवं.

पावसाच्या तोंडावर गोव्यात, कोकणात डांबराचे गोळे येतात, ते कुठून?

जहाजांतून सोडलेलं तेलकट पाणी, टाक्या धुतल्यावरचा गाळ, तेलविहिरींकडची गळती असं मिश्रण. तेलातला हलका भाग उडून जातो, उरलेला चिकट होत गोळा बनतो आणि नैऋत्येचे वारे तो किनाऱ्याला आणून टाकतात. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था रासायनिक खुणांवरून त्यांचा माग काढण्याचं काम करत आली आहे. हे गोळे कोणत्याही अपघाताच्या यादीत नसतात.

मच्छीमारांना भरपाई मिळते का?

माल म्हणून तेल नेणाऱ्या टँकरबाबत आंतरराष्ट्रीय निधी आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. कंटेनर किंवा कोळशाच्या जहाजाच्या बाबतीत कोर्टाचा रस्ता धरावा लागतो, आणि जहाजमालकाची जबाबदारी जहाजाच्या आकारानुसार मर्यादित ठेवण्याचे करार आहेत. एल्सा-३ नंतर केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा केला आणि त्याच समूहाचं दुसरं जहाज अडकवून ठेवण्याचा आदेश मिळवला. उच्च न्यायालयाने त्यात १,२०० कोटींहून जास्त रकमेची हमी मागितली. मालकाचं काही तरी हाताशी ठेवल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही, हे केरळने बरोबर ओळखलं.

वैयक्तिक दाव्यासाठी पुरावा लागतो. मासळी विक्रीच्या पावत्या, डिझेलची बिलं, बोटीची नोंदणी, सोसायटीकडची मासेमारीची नोंद, तेल लागलेल्या जाळ्यांचे तारखेसह फोटो. ज्याच्याकडे हे नसतं त्याचं नुकसान खरं असूनही कागदावर येत नाही, आणि डोल टाकणाऱ्या किंवा पाटीवर मासळी विकणाऱ्या कोळणीकडे पावती कुठून असणार?

नियम चालतात की नाही हे पाहायला कोणते आकडे मागायला हवेत?

अपघात ही फार उशिरा मिळणारी खबर आहे. मला त्याआधीच्या गोष्टी जास्त सांगून जातात. थोडक्यात टळलेल्या टकरी किती नोंदल्या गेल्या? एखाद्या बंदरात त्या शून्य असतील तर तिथे काही घडत नाही असं नव्हे, कोणी सांगत नाही. रोखून ठेवलेली जहाजं पुढच्या बंदरात पुन्हा त्याच दोषासाठी सापडली का? चौकशीचे अहवाल किती दिवसांत सर्वांसमोर आले? आपल्याकडे हा शेवटचा प्रश्न सर्वांत दुखरा आहे. अहवाल लवकर आणि पूर्ण बाहेर आला नाही तर दुसऱ्या जहाजावरचा चीफ इंजिनिअर त्यातून काय शिकणार?

चांगली बातमीही आहे. १ जानेवारी २०२६ पासून समुद्रात पडलेल्या कंटेनरांची खबर देणं सोलासखाली बंधनकारक झालं आहे. आपला १९५८ चा मर्चंट शिपिंग कायदाही २०२५ मध्ये बदलला गेला.

तेल सांडल्यावर जबाबदारी कोणाची?

१९९६ च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार समुद्रातल्या कामाचा समन्वय तटरक्षक दल करतं. ७०० टनांपर्यंतच्या गळतीची तयारी बंदरांनी स्वतः ठेवायची आहे. चित्रातून सांडलेलं तेल याहून जास्त होतं. वाळूवर आलेल्या तेलाची सफाई राज्य आणि स्थानिक प्रशासनाकडे येते. तुमच्या तालुक्यात त्यासाठी साहित्य कुठे ठेवलं आहे, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

किनाऱ्यावर तेल, पिंप किंवा कंटेनर दिसला तर काय करायचं?

हात लावू नका, उघडू नका. केरळमध्ये २०२५ मध्ये लोकांना अशा कंटेनरपासून किमान २०० मीटर दूर राहायला सांगितलं होतं. एल्सावरच्या काही कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होतं, जे पाणी लागलं की पेट घेणारा वायू सोडतं. मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. फोटो दुरून काढा, जागा आणि भरतीची वेळ लिहून ठेवा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि काहीच न सुचल्यास ११२. तेल लागलेली जाळी लगेच धुऊन टाकू नका, आधी पंचनामा करून घ्या.